काल ७१, आज ७२.४ : रोज बदलणाऱ्या वजनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. सकाळी सहा-साडेसहाला फोन वाजला की न बघताही ओळखते, काय आलं असेल. वजनकाट्याचा फोटो, आकड्याखाली पायाची दोन बोटं आणि शेजारी रडका चेहरा. त्या फोटोंना द्यायची उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवतेय. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवलेत.

रात्रीतनं दीड किलो वाढलंय की मॅडम! एवढी चरबी कुठनं आली?

कुठूनच नाही आली. शरीरात एक किलो चरबी साठायला खर्चापेक्षा साधारण ७७०० कॅलरी जास्त खाव्या लागतात. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात अंदाजे ५७० कॅलरी असतात. म्हणजे रोजचं जेवण नेहमीसारखं जेवून वर आणखी सव्वा किलोच्या पुढे शेंगदाणे खाल्ले, तर एक किलो चरबीचा हिशेब जमतो. दीड किलोला दोन किलो शेंगदाणे. तुम्ही काल भज्यांची एक प्लेट जास्त खाल्लीत.

काट्याला चरबी वेगळी कळत नाही. हाडं, स्नायू, रक्त, पोटातलं कालचं जेवण, मूत्राशयातली लघवी, अंगावरची नाइटी या सगळ्याची तो एकच बेरीज दाखवतो. मोठ्या माणसाच्या वजनातला निम्म्याहून थोडा जास्त भाग नुसतं पाणी असतं, आणि रोज हलतं ते मुख्यतः हे पाणीच. आपल्याकडची कडक भाकरी आठवा. तेवढ्याच पिठाची मऊ भाकरी एका हातात धरा, कडक दुसऱ्या हातात. कडक हलकी लागते. त्यातली ज्वारी कुठे गेलेली नसते, पाणी गेलेलं असतं. हीच भाकरी मी दवाखान्यात दिवसातून चारदा सांगते.

मग किती वर-खाली झालेलं चालतं?

मोठ्या माणसात एक ते दोन किलो. सत्तर किलोच्या माणसाचा काटा आठवडाभरात ६९.२ ते ७१ असा फिरला तर त्यात बघण्यासारखं काही नाही.

नुसतं पाणी प्यायलं तरी वजन वाढतं का?

वाढतं, लगेच वाढतं. लिटरभराचा तांब्या रिकामा केलात की काटा एक किलो जास्त दाखवणारच. दोन-तीन तासांत ते लघवीवाटे उतरतं. या भीतीनं पाणी कमी पिणारी माणसं मी सोलापूरच्या मे महिन्यात पाहिली आहेत. त्यांच्यावर रागवायचं की हसायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

लग्नाचं जेवण जेवून आले की तीन दिवस वजन उतरतच नाही. गोडामुळे का?

गोडाचा वाटा आहे, पण मोठा गुन्हेगार मीठ. रक्तातलं मिठाचं प्रमाण शरीर अगदी काटेकोर सांभाळतं. सलाइनची साधी बाटली बघा, एक लिटर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ असतं, कारण रक्ताला मानवणारा हिशेब तोच आहे. आता उलटं मोजा. एका दिवसात नेहमीपेक्षा नऊ ग्रॅम मीठ जास्त पोटात गेलं, तर ते विरवायला शरीर जवळपास लिटरभर पाणी धरून ठेवतं. म्हणूनच जेवणानंतर तहान लागते, सकाळी अंगठी घट्ट होते, पापण्या जड वाटतात. जास्तीचं मीठ मूत्रपिंडं हळूहळू बाहेर काढतात. त्याला एक ते तीन दिवस लागतात, आणि मग पाणीही जातं.

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. पाच ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात आमटी, भाजी, भाकरी सगळं आलं. आपलं ताट बघा. शेंगाचटणी, लोणचं, पापड, खारवलेली मिरची, वर तळलेल्या भज्यांवर भुरभुरवलेलं मीठ. लग्नाच्या पंगतीत तर आचारी मिठाला हात आखडता घेत नाही. (शेंगाचटणी सोडा असं मी कोणालाही सांगत नाही. मलाही या गावात राहायचं आहे. चटणी असेल त्या दिवशी लोणचं-पापड नको, एवढंच म्हणते.)

एकादशीला सव्वा किलो कमी झालं, द्वादशीला सगळं परत. उपवास फुकट गेला का?

उपवास देवासाठी केला असेल तर फुकट कसा जाईल? वजनासाठी केला असेल, तर काय झालं ते सांगते.

आपण खाल्लेला भात, भाकरी, साखर यातली काही साखर शरीर ग्लायकोजेन या रूपात साठवतं. यकृतात साधारण शंभर ग्रॅम, स्नायूंमध्ये चारशे ग्रॅमच्या आसपास. हे कोरडं ठेवता येत नाही. एका ग्रॅमसोबत अंदाजे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. कडक उपवासात यकृताचा साठा बराचसा संपतो, स्नायूंचा थोडा वापरला जातो, सोबतचं पाणी सुटतं. शिवाय त्या दिवशी मीठ कमी, पोटात अन्न कमी. झाला किलो-सव्वा किलो. द्वादशीला पारणं फेडलं की गोदाम पुन्हा भरतं आणि पाणीही परत येतं. पूर्ण उपवासात एका दिवसात चरबी गेलीच तर पाव किलोच्या आत जाते, आणि तीही दुसऱ्या दिवशी हात सैल सोडला नाही तरच टिकते.

हे झालं कडक उपवासाचं. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वेफर्स, शेंगदाण्याचा लाडू असा बेत असेल, तर ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्या आजीनं उगाच केली नाही. अशा एकादशीला काटा वर गेला तर मला फोटो पाठवू नका.

रोज्यांचंही तसंच. सहरीआधी केलेलं वजन आणि इफ्तारनंतर केलेलं वजन यांची तुलना करायची नाही.

भात-पोळी बंद केली, आठ दिवसांत तीन किलो गेले. मग पुढे का थांबलं?

कारण वरचंच. पहिल्या आठवड्यात गोदाम रिकामं झालं आणि त्याचं पाणी गेलं. ते एकदाच जातं. पुढे चरबीची पाळी येते, आणि तिची चाल बैलगाडीची. ‘सात दिवसांत पाच किलो’ या जाहिराती या पहिल्या आठवड्यावरच जगतात.

रात्री झोपताना ७३, सकाळी ७२.२. झोपेत काय जळतं?

थोडं जळतं, बरंचसं वाळतं. रात्रभरात श्वासातून वाफ जाते, त्वचेतून न दिसणारा ओलावा जातो, श्वासावाटे कार्बन डायऑक्साइडही जातो. सकाळी लघवी होते ती वेगळीच. शौचाला, लघवीला न जाता नुसतं झोपून उठलात तरी दोन-तीनशे ग्रॅम कमी भरतात.

हे पहिल्यांदा चिकाटीनं मोजलं ते सांतोरिओ या इटालियन वैद्यानं. मोठ्या तराजूला खुर्ची टांगून तो तिच्यात बसायचा, जेवायचा, आणि खाल्लेलं, प्यायलेलं, बाहेर टाकलेलं सगळं तोलायचा. असं त्यानं अनेक वर्षं केलं आणि १६१४ साली निष्कर्ष छापले. खाल्ल्या-प्यायल्यापैकी निम्म्याहून जास्त वजन मल-मूत्रातून जातच नाही, नकळत हवेत जातं, असं त्याला आढळलं. सकाळी-दुपारी-रात्री काट्यावर चढणाऱ्यांना मी सांतोरिओ म्हणते. फरक एवढाच, की तो मोजून घाबरत नव्हता.

कारखान्यात पाळी करून आलो की दीड किलो कमी भरतं. रोज एवढं जातं तर मी बारीक का होत नाही?

कारण गेलेला सगळा घाम आहे. यंत्रमागाच्या शेडमध्ये पत्र्याखाली मे महिन्यात उभं राहिल्यावर तासाला अर्धा-एक लिटर घाम सहज जातो. कमी झालेला प्रत्येक किलो म्हणजे साधारण एक लिटर पाणी, ते परत प्यायलाच हवं. पाळीच्या आधी आणि नंतर, घामेजलेले कपडे काढून वजन केलंत तर किती पाणी कमी पडतंय याचा छान अंदाज येतो. काट्याचा हा उपयोग मला मनापासून आवडतो. सत्तर किलोच्या माणसाचं दीड किलो गेलं म्हणजे दोन टक्क्यांच्या वर पाणी गेलं. तिथून डोकं दुखणं, चिडचिड, कामात चूक होणं सुरू होतं. पाण्यासोबत मीठ घातलेलं ताक किंवा लिंबू सरबत घ्या. इथे मिठाला माझी हरकत नाही, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारून.

पोटाला प्लास्टिक किंवा घामाचा पट्टा गुंडाळून चालणाऱ्यांना हेच उत्तर. तुम्ही भाकरी वाळवताय.

उन्हाळ्याच्या पहिल्या आठवड्यात काहींचे पाय किंचित सुजतात आणि वजन थोडं वाढतं. उन्हाची सवय होईपर्यंत शरीर असं करतं. पाय उंचावर ठेवून झोपलं की सकाळी उतरतं.

नंदीध्वज पेलायचा सराव सुरू केला. रोज घाम गाळतोय, पण दहा दिवसांत वजन एक किलो वाढलं. असं कसं?

(नंदीध्वज म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेत पेलतात ती उंच, जड काठी.) हा प्रश्न मला दिवाळीनंतर हमखास येतो आणि मी खूश होते. सवय नसलेलं जड काम केलं की स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. ती भरून काढायला शरीर तिथे पाणी आणि रक्तातल्या पेशी पाठवतं, म्हणून खांदे-मांड्या ठणकतात. त्यातच सराव वाढला की स्नायू ग्लायकोजेनचा साठाही वाढवतात, आणि त्याच्याबरोबर पाणी आलंच. दोन-तीन आठवड्यांत हे स्थिर होतं. ‘दहा दिवसांत स्नायू वाढले’ असं कोणी सांगितलं तर तेवढं खरं मानू नका, एक किलो स्नायू दहा दिवसांत होत नाही. जिमला जाणाऱ्या पोरांनी क्रिएटिन सुरू केलं असेल तर पहिल्या आठवड्यात किलो-दीड किलो पाणी त्यामुळेही धरलं जातं.

पाळीच्या आधी दर महिन्याला वजन का वाढतं?

संप्रेरकांच्या चढ-उतारामुळे शरीर पाणी धरतं, पोट साफ होत नाही, खारट-गोड खावंसं वाटतं. अर्धा ते दोन किलो वाढू शकतं, आणि पाळी सुरू झाल्यावर काही दिवसांत उतरतं. म्हणून बायकांनी या आठवड्याची मागच्या आठवड्याशी तुलना करू नये. पाळीनंतरचा आठवडा मागच्या महिन्याच्या पाळीनंतरच्या आठवड्याशी लावावा. नवऱ्यानं आणि तुम्ही एकाच दिवशी डाएट सुरू केलं आणि त्याचं वजन सरळ उतरलं, तुमचं नागमोडी, तर त्यात तुमचा आळस नाही.

मैदा सोडून ज्वारीवर आले, पालेभाज्या वाढवल्या, तरी अर्धा किलो वाढलं.

चोथा वाढला. तो आतड्यात पाणी धरतो, पोटात नेहमी थोडा जास्त ऐवज असतो. चांगलं लक्षण आहे, चालू ठेवा. उलट दोन-तीन दिवस शौचाला झालं नसेल तरीही काटा वर जातो.

काटाच खोटा असेल तर?

असू शकतो, पण बहुतेक वेळा खोटी असते ती फरशी. आपल्या जुन्या घरांतल्या शहाबादी फरश्या कुठे खाली, कुठे वर. काट्याच्या चार पायांखाली चार सेन्सर असतात, एक पाय अधांतरी राहिला की आकडा बदलतो. चटईवर, सतरंजीवर तर ठेवूच नका. सपाट जागा शोधा, तिथे खडूनं खूण करा, काटा तिथून हलवू नका. तपासायचं असेल तर पाच लिटर तेलाचा कॅन घेऊन परत चढा. तेल पाण्यापेक्षा हलकं, पाच लिटर म्हणजे साधारण साडेचार किलो तेल, वर डब्याचं वजन. फरक तेवढा आला की काटा ठीक.

घरचा, दवाखान्याचा आणि जिमचा आकडा एकमेकांशी जुळवत बसू नका. लहानपणी स्टेशनवर दिवे लुकलुकणारं वजनाचं यंत्र असायचं. नाणं टाकलं की जाड कागदाचं तिकीट पडायचं, एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. दोन्ही तितपतच खरं, हे आमच्या वडिलांना ठाऊक होतं.

वजन नेमकं कधी आणि कसं करायचं?

सकाळी उठून, शौच-लघवी उरकून, चहाच्या आधी, कमीत कमी कपड्यांत. रात्रपाळीवाल्यांनी आपली मुख्य झोप संपल्यावर, मग ती दुपारी दोनला का संपेना. आकडा लिहा आणि विसरा. सात दिवसांनी सरासरी काढा.

सरासरी का, ते एका उदाहरणानं दाखवते. पहिल्या आठवड्याचे आकडे धरा : ७२.४, ७१.९, ७२.८, ७३.३, ७२.६, ७२.१, ७१.८. दुसऱ्या आठवड्याचे : ७१.९, ७२.५, ७२.९, ७२.२, ७१.८, ७१.६, ७२.२. फक्त शेवटचे दिवस बघितले तर ७१.८ चे ७२.२ झाले, म्हणजे चारशे ग्रॅम वाढ, म्हणजे रडका चेहरा. सरासरी काढली तर पहिला आठवडा ७२.४१, दुसरा ७२.१६. पाव किलो उतरलंय.

रोज पाचशे कॅलरी कमी खाणाऱ्याची दिवसाला फार तर पासष्ट ग्रॅम चरबी जाते. पाणी किलो-किलोनं हलतं. त्या हलकल्लोळात पासष्ट ग्रॅम एका दिवसात दिसावेत, ही अपेक्षाच चुकीची. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेतल्या आमच्या जत्रेच्या, गर्दीत हळू बोलणाऱ्याचा आवाज ऐकायला जावं तसं.

रोज वजन केल्यानं मला धास्ती वाटते. सोडून देऊ?

द्या सोडून. आकडा बघून ज्यांचं जेवण, मूड, पोरांवरचं ओरडणं ठरतं, त्यांना मी काटा माळ्यावर टाकायला सांगते. महिन्यातून एकदा कमरेला टेप लावा. आपल्याकडच्या माणसांसाठी पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही सावध होण्याची रेघ. पाण्यानं कंबर काट्याइतकी फसवत नाही.

आमचा काटा चरबीची टक्केवारीही दाखवतो. ती तरी खरी ना?

तळपायातून अगदी सौम्य वीज सोडून तिला किती अडथळा होतो, यावरून तो अंदाज बांधतो. अंगात पाणी कमी-जास्त झालं की अंदाज हलतो. महिन्या-दोन महिन्यांचा कल बघायला ठीक, रोज बघायला नाही.

औषधांनी वजन बदलतं का?

हो. स्टेरॉइड्सनी पाणी धरलं जातं आणि भूकही वाढते. रक्तदाबाच्या अम्लोडिपिननं काहींचे घोटे सुजतात. मधुमेहाच्या पायोग्लिटाझोननं पाणी साठू शकतं. ‘पाण्याची गोळी’, म्हणजे लघवी वाढवणारी गोळी, सुरू केली तर वजन झपकन उतरतं, तेही पाणीच. वजनासाठी शेजारणीची पाण्याची गोळी मागून घेणं धोक्याचं आहे. पोटॅशियम घसरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

मग काळजी कधी करायची?

इथे थट्टा बंद.

हृदयाचा आजार असलेल्या माणसाचं वजन एका दिवसात एक किलोच्या वर किंवा आठवड्यात दोन किलोच्या वर वाढलं, किंवा पायावर बोट दाबल्यावर खळगा राहत असेल, किंवा आडवं पडल्यावर दम लागत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. अशा लोकांनी रोज वजन करायलाच हवं, त्यांच्यासाठी काटा औषधाच्या डब्याइतका महत्त्वाचा. डायलिसिसवाल्यांना दोन डायलिसिसमध्ये किती वाढलेलं चालेल हे त्यांचे डॉक्टर ठरवून देतात. ते पाळा, माझं हे पान त्यांच्यासाठी नाही.

गरोदर बाईचं वजन अचानक वाढलं, चेहरा-हात सुजले, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, तर रक्तदाब लगेच तपासून घ्या.

आणि उलट बाजू. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरलं, म्हणजे साठ किलोच्या माणसाचं तीन किलो, तर तपासणी करा. सोबत खूप तहान आणि सारखी लघवी असेल तर साखर बघा. दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळचा ताप असेल तर थुंकी तपासा. ‘बरं झालं, बारीक झाले’ म्हणत महिने घालवलेल्या बायका मी पाहिल्यात.

नातू जन्मला तेव्हा तीन किलो होता, तिसऱ्या दिवशी २.८. सुनेला दूध कमी आहे का?

आजी, सुनेला काही बोलू नका. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन सात टक्क्यांपर्यंत, कधी दहा टक्क्यांच्या जवळ उतरतं. त्यात बरंचसं अंगातलं जास्तीचं पाणीच असतं. दोन आठवड्यांच्या आत ते जन्माच्या वजनावर परत येतं. नाही आलं, किंवा बाळ सुस्त आहे, शू कमी करतंय, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

गड्ड्याला चार दिवस होम मैदानावर जाऊन भजी, पाणीपुरी, आइस्क्रीम सगळं झालं. वजन कधी करू?

चार दिवस घरचं जेवा, मग पाचव्या दिवशी सकाळी करा. तोवर मिठाचं पाणी उतरलेलं असेल. त्यानंतर जेवढं शिल्लक दिसेल तेवढंच गड्ड्याचं, आणि ते बहुतेक अर्ध्या किलोच्या आत असतं. पाळण्यात बसून आलात का, ते मात्र कळवा.